देवराईचा वनस्पतिशास्त्रज्ञ
(औंढा नागनाथ येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



औंढा नागनाथला 'दारुकावन' म्हणण्याची परंपरा जुनी आहे. नागेश्वराचे ज्योतिर्लिंग दारुकावनात आहे असे पुराणे सांगतात. ते दारुकावन नेमके कोठले, याविषयी तीन क्षेत्रांचे दावे आहेत: मराठवाड्यातील औंढा, गुजरातेत द्वारकेजवळचे नागेश्वर आणि कुमाऊँमधील अल्मोड्याजवळचे जागेश्वर. जागेश्वरवाल्यांचा मुख्य पुरावा झाडांचाच आहे. त्यांच्या देवळांभोवती देवदारांचे दाट वन आजही उभे आहे. देवदार हिमालयात, समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या वर वाढतो. औंढ्याच्या बेसाल्टी टेकड्यांवर तो कधी उगवला असेल असे कोणताही वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणणार नाही. परंतु संस्कृतात 'दारु' म्हणजे नुसते लाकूड, झाड. देवदार म्हणजे देवांचे लाकूड, दारुहळद म्हणजे लाकडासारखी हळद. (मराठीत या शब्दाचा एकच अर्थ उरला आणि तो कोणत्या दुकानात मिळतो हे सांगायला नको.) तेव्हा दावा कोणाचाही खरा ठरो, पूर्वजांनी या क्षेत्राला ज्या नावाने ओळखले ते नाव झाडांचे आहे. साग, धावडा, सालई, मोह, चारोळी, बिबा, बेहडा, पळस ही या भागातील पानझडी रानाची मंडळी. दारुकावन असलेच तर ते यांचेच असणार.

नाव उरले आणि वन विरले. मराठवाड्यातील लातूर, परभणी, जालना यांसारख्या जिल्ह्यांत जंगलाचे क्षेत्र एक टक्क्याच्या आसपास घुटमळते. १९५२ चे राष्ट्रीय वनधोरण एक तृतीयांश भूमी वनाखाली असावी असे सांगत होते, १९८८ चे धोरणही तेच सांगते. या दोन आकड्यांमधील अंतर केवळ पावसाच्या कमतरतेने पडलेले नाही. ते कसे पडले आणि जेथे पडले नाही तेथे का पडले नाही, हे ज्या वनस्पतिशास्त्रज्ञाने पायी हिंडून पाहिले, त्याच्या कार्याची ओळख करून घेणे हा या व्याख्यानाचा हेतू आहे. त्यांचे नाव डॉ. वा. द. वर्तक.

डॉ. वर्तक पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे संशोधक. ही संस्था १९४६ साली स्थापन झाली आणि शंकर पुरुषोत्तम आघारकर तिचे पहिले संचालक. आघारकरांविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण वर्तकांची संशोधनपद्धती ज्या मुशीत घडली ती मूस त्यांची. १८८४ साली मालवणात जन्मलेल्या या माणसाने तरुणपणी पश्चिम घाटातील नदीत गोड्या पाण्यातील जेलीफिश शोधून काढला आणि प्राणिशास्त्रज्ञांना चकित केले. पुढे कलकत्ता विद्यापीठात त्यांना वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाले. अभ्यासासाठी ते जर्मनीत गेले तो १९१४ चे महायुद्ध पेटले, आणि शत्रुराष्ट्राचे प्रजाजन म्हणून त्यांना स्थानबद्ध करण्यात आले. त्याही स्थितीतून वाट काढून त्यांनी बर्लिनची डॉक्टरेट मिळवली. कलकत्त्याहून निवृत्त झाल्यावर विश्रांती न घेता पुण्यात ही संस्था उभारली आणि १९६० मध्ये निधन होईपर्यंत तिची धुरा वाहिली. १९९२ पासून संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते. पुस्तकातील वनस्पती आणि डोंगरावरील वनस्पती यांच्यातील अंतर पायांनी कापावे लागते, ही आघारकरांच्या परंपरेची पहिली शिकवण.

वर्तकांनी ती शिकवण शब्दशः पाळली. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. ज्या भूमीसाठी महाराष्ट्रातील समाजवादी सत्याग्रहींनी लाठ्यागोळ्या खाल्ल्या, तेथील रानात काय उगवते याची व्यवस्थित नोंद करण्याचे काम मुक्तीनंतर पुढे आले. वर्तकांनी गोमंतकातील वनस्पतींची यादी तयार केली, ती विज्ञानवर्धिनीने १९६६ मध्ये प्रसिद्ध केली. अशा ग्रंथाला वाचक थोडे आणि टाळ्या त्याहून थोड्या. परंतु वनस्पतीचे शास्त्रीय नाव, स्थानिक नाव, ती सापडली ते ठिकाण, फुलाफळांचा काळ अशी कोरडी नोंद एकदा झाली की त्या भूमीवरील झाडाला साक्षीदार मिळतो. उद्या ते झाड तेथे नसले, तर 'येथे कधी काही नव्हतेच' असे कोणाला म्हणता येत नाही.

१९७१ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन माधव गाडगीळ पुण्यास परतले आणि बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत जाण्यापूर्वी सुमारे दोन वर्षे विज्ञानवर्धिनीत राहिले. गणिती परिसरशास्त्र शिकून आलेला तरुण आणि झाडपाल्याची नावे मुखोद्गत असलेला क्षेत्रसंशोधक अशी ही जोडी जमली. त्यांनी विषय निवडला तो देवरायांचा. या निवडीमागे एका तिसऱ्या विद्वानाची प्रेरणा होती, आणि ते होते मार्क्सवादी इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी. कोसंबींनी पुण्याच्या परिसरातील मातृदेवतांची ठाणी पायी हिंडून पाहिली होती. त्यांवरील विवेचन १९६२ च्या त्यांच्या ग्रंथात आहे. नांगर येण्यापूर्वीच्या, शिकार करणाऱ्या व कंदमुळे गोळा करणाऱ्या समाजाचे अवशेष या ठाण्यांत आणि त्यांच्या रानांत टिकून आहेत, अशी त्यांची मांडणी होती. देवाधर्माकडे अत्यंत कठोर दृष्टीने पाहणाऱ्या या विचारवंताने वेताळ-म्हसोबांच्या शेंदरी दगडांना इतिहासाचा दस्तऐवज मानले. वर्तक-गाडगीळांनी त्या दगडांभोवतीची झाडे हा दस्तऐवजाचा उरलेला भाग आहे हे ओळखले.

देवराई म्हणजे गावाने देवाच्या नावे राखलेले रान. कोठे पाच-पन्नास झाडांचा पुंजका, कोठे कित्येक एकरांचे अरण्य. देव बहुधा उघड्यावरचा, कळस नसलेला: वाघजाई, काळकाई, शिरकाई, भैरोबा, वेताळ. नियम गावोगाव निराळे. कोठे कुऱ्हाड लावायची नाही एवढाच दंडक, कोठे वाळून पडलेली काडीसुद्धा उचलायची नाही. कोठे देवाचा कौल घेऊन गावकामासाठी एखादा वृक्ष तोडता येतो, पण विकता येत नाही. कोकणात हिला राहाट किंवा देवराहाटी म्हणतात, कर्नाटकात देवरकाडु, केरळात कावु, राजस्थानात ओरण, झारखंडात सरना. म्हणजे ही काही एका प्रांताची लहर नव्हे. देशभरच्या कष्टकरी समाजांनी, शिलालेख न कोरता, ग्रंथ न लिहिता, चालवलेली ही संस्था होती.

या जोडीचा पहिला महत्त्वाचा निबंध १९७५ मध्ये मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात आला. दुसरा १९७६ मध्ये एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात, आणि १९८१ मध्ये महाराष्ट्रातील दोनशेहून अधिक देवरायांची सूची. निष्कर्ष सरळ होते. भोवतालचा डोंगर उघडा बोडका झाला असता देवराईत मूळच्या अरण्याचा नमुना शिल्लक राहिला होता. अन्यत्र दिसेनाशा झालेल्या वनस्पती येथे सापडत होत्या. झाडाझाडांवरून पसरत जाणारी गारंबीची अजस्र वेल, गुराखीही ज्याचे नाव विसरले असे एखादे झाड. सूची करताना वर्तक गावच्या गुरवाला, धनगराला, महादेव कोळ्याच्या म्हातारीला विचारत. त्यांनी सांगितलेले नाव, उपयोग आणि आख्यायिका तिन्ही लिहून घेत. देवरायांविषयीच्या श्रद्धा व लोककथा यांवर त्यांनी स्वतंत्र निबंधच लिहिला. आज यात कोणाला नवल वाटणार नाही. परंतु पन्नास वर्षांपूर्वी प्रयोगशाळेतील शास्त्र असे अडाण्याच्या साक्षीवर विसंबत नसे.

या अभ्यासात एक गाव येते, रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील गाणी. गावाच्या ओढ्याच्या उगमाशी काळकाईची राई होती. वनखात्याने तेथील झाडांवर तोडीसाठी खुणा केल्या. वनखात्याच्या हिशेबी ती 'अतिपक्व' झाडे होती, म्हणजे वाढ थांबलेली, उभी ठेवून उपयोग नसलेली. गावकऱ्यांचा हिशेब निराळा होता. आजूबाजूच्या उघड्या डोंगरांवरील ओहोळ पावसाळा सरताच आटतात, आपला ओढा आटत नाही, आणि राई तुटली की तोही आटेल. हे त्यांना कोणत्याही विद्यापीठाने शिकवले नव्हते. शास्त्रज्ञांनी जाऊन पाहिले, गावकऱ्यांचे म्हणणे बरोबर असल्याचे सांगितले, वनाधिकाऱ्यांपाशी शब्द टाकला आणि राई वाचली. यात शास्त्रज्ञांचे श्रेय आहेच. पण त्यांचा शब्द लागावा लागला, गावाचा शब्द पुरला नाही, ही गोष्टही तितकीच लक्षात घ्यावयास हवी.

गावाचा शब्द का पुरला नाही? याचे उत्तर वनस्पतिशास्त्रात नाही, सत्तेच्या इतिहासात आहे. इंग्रज सरकारचे पहिले वनमहानिरीक्षक डीट्रिख ब्रँडिस हे स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ. १८६४ मध्ये ते पदावर आले. कूर्गच्या देवरायांविषयी त्यांनी कौतुकाने लिहिले आहे, आणि गावांच्या रानांना स्थान असावे असे त्यांचे मत होते. परंतु १८७८ च्या वनकायद्यात त्यांच्या मताचा पराभव झाला आणि रान सरकारचे, गावाला मिळेल ती सवलत, हा सिद्धांत जिंकला. त्याचा परिणाम महाराष्ट्रात प्रथम कोणी ओळखला असेल तर तो महात्मा फुल्यांनी. १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये जंगलखात्याने गावची गायराने व डोंगर हिरावून शेतकऱ्याच्या गुरांची कशी दैना केली याची जळजळीत फिर्याद आहे. रान आपले राहिले नाही म्हटल्यावर ते राखण्याचे कारणही उरले नाही. पुढे १९२७ चा कायदा आला, देश स्वतंत्र झाला, खुर्चीवरची माणसे बदलली, हिशेबाची वही तीच राहिली. शेजारच्या कर्नाटकात कागद कारखान्याला बांबू टनामागे दीड रुपया या दराने दिला जात होता आणि बुरुडाला बाजारभावाने विकत घ्यावा लागत होता, हे गाडगीळांनी पुढे दाखवून दिले. पुण्याजवळ पानशेत धरणाच्या निमित्ताने रस्ते झाले, रस्त्यांमागून कोळशाचे ठेकेदार आले, आणि डोंगरांचे डोंगर पुण्याच्या बाजारात कोळसा होऊन गेले. त्या उजाड खोऱ्यात हिरवे ठिपके राहिले ते देवरायांचे.

आता कार्यकर्त्यांच्या मनात येणाऱ्या एका आक्षेपाला सामोरे जावयास हवे. अंधश्रद्धेविरुद्ध झगडणाऱ्या चळवळीने देवाच्या भीतीने राखलेल्या रानाचे गोडवे गावेत काय? कोप होईल म्हणून फांदी न तोडणारा माणूस जागा झालेला माणूस नव्हे. आक्षेप रास्त आहे, त्याला उडवून लावता येणार नाही. देवराईच्या नियमांत बायकांना मज्जाव, अस्पृश्य मानलेल्यांना मज्जाव अशाही गोष्टी जागोजागी आढळत, आणि त्यांवर परंपरेचे पांघरूण घालणे हा अप्रामाणिकपणा होईल. परंतु वर्तकांच्या नोंदी नीट वाचल्या तर दोन गोष्टी वेगळ्या करता येतात. भीती हे साधन होते, संस्था होती ती सामूहिक संयमाची. देव निमित्तमात्र नव्हता असे नाही, पण देवाच्या नावे गावाने स्वतःवर घालून घेतलेले बंधन हे गावाचेच होते.

भीती ओसरली तेव्हा काय झाले? दोन गोष्टी झाल्या आणि दोन्हींत झाड गेले. काही गावांत श्रद्धा गेली, तिच्या जागी दुसरा कोणताच नियम आला नाही, आणि ठेकेदाराच्या ट्रकला वाट मिळाली. काही गावांत श्रद्धा गेली नाही, उलट श्रीमंत झाली. उघड्यावरच्या वाघजाईला सिमेंटचे देऊळ हवे झाले, सभामंडप, कमान, वाहनतळ हवा झाला, आणि त्या जीर्णोद्धाराचा खर्च देवराईतीलच झाडे विकून भागवण्यात आला. देवीला छप्पर मिळाले आणि तिची सावली गेली. या दुसऱ्या प्रकाराला अंधश्रद्धा म्हणण्याचे धाडस थोडेच दाखवतात, कारण देणगीदारांच्या पाट्यांवर पुढाऱ्यांची नावे असतात. देव एका शिळेत कोंडलेला नाही हे विसोबा खेचरांनी नामदेवांना ज्या औंढ्यात दाखवले असे परंपरा सांगते, तेथे तरी ही गोष्ट उघड बोलावयास हरकत नसावी.

मराठवाड्याचा प्रश्न पश्चिम घाटापेक्षा अधिक अवघड आहे. येथे पाऊस कमी आणि जुन्या राजवटीचा वारसा निराळा. निजामाच्या राज्यातील वनवृक्षांवर वनखात्याचे पार्ट्रिज यांनी १९११ मध्ये ग्रंथ लिहिला. तो वनाधिकाऱ्यासाठी होता, रयतेसाठी नव्हे. मराठवाड्यातील वनस्पतींचे सविस्तर दोन खंड येण्यास १९९८ साल उजाडले. ते काम मराठवाडा विद्यापीठाचे प्रा. वि. ना. नाईक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे. या दोन ग्रंथांमध्ये ८७ वर्षांचे अंतर आहे, आणि त्या काळात गावाभोवतीची राने गायरानांत व गायराने काट्याकुट्यांत बदलून गेली.

गायरान म्हटले की दुसरा प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून झाडांविषयी बोलणे हा निव्वळ शहाजोगपणा ठरेल. मराठवाड्यातील भूमिहीन दलितांनी पोटासाठी गायराने कसली. १९५९ चा आणि १९६४ चा दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालील भूमिहीनांचा सत्याग्रह याच हक्कासाठी होता. १९८२ मध्ये राज्यात सामाजिक वनीकरणाचे स्वतंत्र खाते निघाले. गायरानावर चर खोदून रोपे लावण्याचे कार्यक्रम झाले तेव्हा काही ठिकाणी झाडाला भूमिहीनाच्या समोर उभे करण्यात आले. गावातील बड्या बागायतदाराच्या बांधाला कोणी हात लावला नाही. शिवाय लावली काय, तर निलगिरी आणि सुबाभूळ. निलगिरीला गुरे तोंड लावत नाहीत म्हणून ती सोयीची, पण त्याच कारणाने ती गुराख्याच्या कामाची नाही. वर्तकांसारख्या माणसाने अशा रोपवनाला रान म्हटले नसते. झाडे मोजली म्हणजे रान होत नाही. कोणती झाडे, कोणाच्या उपयोगाची आणि कोणाच्या ताब्यात, हे विचारावेच लागते.

याला उत्तर कायद्याच्या पुस्तकात आता काही प्रमाणात आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनहक्क दिला. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंड गावाने २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर रानावरचा हा हक्क मिळवला आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतःच्या वाहतूक परवान्यावर विकला. तेथे देवाची भीती नव्हती, ठेकेदाराचीही नव्हती. ग्रामसभेत बसून, बायकांसह, एकमताने ठरवलेला नियम होता. देवराईत जो सामूहिक संयम कोपाच्या धाकाने टिकला, तो चर्चेने आणि मालकीच्या जाणिवेने टिकू शकतो याचा हा पुरावा. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव समिती नेमून लोकांची नोंदवही करण्यास सांगितले आहे. या कल्पनेमागेही गाडगीळांचे श्रम आहेत, आणि त्यांच्या मुळाशी वर्तकांसोबत घाटात घातलेली पायपीट आहे. परंतु नोंदवही हा शब्द शासनाच्या हाती पडला की तिचे काय होते हे कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. एका गावची यादी दुसऱ्या गावाला चिकटवली जाते आणि उद्दिष्टपूर्तीचा अहवाल वर जातो.

औंढा तालुक्यातच दुधाळ्यास गुरुत्वीय लहरी मोजणारी वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ मध्ये २६०० कोटी रुपये खर्चाची मंजुरी दिली. चार चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांनी ती कोट्यवधी प्रकाशवर्षे दूर झालेल्या धडकेचा कंप टिपणार. ज्ञानाच्या या झेपेचे स्वागतच करावयास हवे. पण त्याच तालुक्यातील किती गावांत, आपल्या शिवारात झाडांच्या किती जाती आहेत याची यादी चावडीवर वाचून दाखवता येईल? त्या यादीस कोटी लागत नाहीत. पायांत वहाणा, हातात वही आणि सरपण-मोहफुले वेचणाऱ्या बायांना व शेळ्या राखणाऱ्या पोरांना विचारण्याइतका नम्रपणा एवढे भांडवल पुरते.

काम एका पावसाळ्यात सुरू करता येते. गावातील सर्वांत जुने झाड कोणते, ते कोणाच्या जमिनीवर, त्याचे गावातले नाव काय, बी कोण गोळा करते, ही पहिली नोंद. कडुनिंब, पिंपळ सर्वांना ठाऊक असतात, तेथे थांबू नये. टेकडीच्या कपारीतील ज्या झाडाचे नाव तरुणांना सांगता येत नाही, त्याची फांदी फुला-फळांसह कापावी. मोसमाबाहेरची नुसती पाने आणून उपयोग नाही, ओळख पटत नाही. जुन्या वर्तमानपत्राच्या घड्यांत ती पसरून वर वजन ठेवावे, पहिला आठवडा कागद रोज बदलावा, नाहीतर पाने काळी पडून बुरशी धरते. चिठ्ठीवर तारीख, ठिकाण, गावातले नाव, गोळा करणाऱ्याचे नाव लिहावे आणि सुकलेला नमुना जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवावा. कागद चकचकीत नसावा, शाई व ओल दोन्ही पिणारा असावा. साप्ताहिकाचे जुने अंक या कामास चांगले.